स्लॅब टाकला म्हणजे सुटलो?

नागपुरातल्या कुठल्याही पंचवीस-तीस वर्षं जुन्या फ्लॅट स्कीममध्ये जा, दोनच विषय ऐकू येतात. एक, "आपली स्कीम रिडेव्हलपमेंटला कधी जाणार?" आणि दोन, "तुम्ही इंटिरिअर कोणाकडून केलं?" पहिला विषय काका लोकांचा. दुसरा आपला, म्हणजे नुकतंच होम लोन घेतलेल्या किंवा आई-बाबांचा जुना फ्लॅट 'नवा' करायला निघालेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचा.

मधला तिसरा विषय कोणी काढतच नाही. ज्या कॉलम-बीम-स्लॅबवर हे सगळं उभं आहे, त्यांची तब्येत कशी आहे? आणि ती सुधारायला काय करावं लागेल?

गेले काही वीकांत हाच विषय डोक्यात घोळतोय, म्हणून आज जरा सविस्तर. आधीच सांगून टाकतो की मी सिव्हिलवाला नाही. की-बोर्ड बडवून पोट भरणारा माणूस आहे. पण माहिती उघड उपलब्ध आहे, वाचायची तयारी असली की झालं. आणि वाचल्यावर माझं मत पक्कं झालंय: वेळेत हात घातला तर जुनी इमारत मजबूत करून आणखी बरीच वर्षं वापरता येते, तो खर्च हा साधा घरखर्च आहे, आणि तो टाळायला आपण जी कारणं देतो ती सगळी तकलादू आहेत.

एकेक बघू.

कवेलू फेरणारी माणसं

आपल्या आजोबांच्या पिढीला घराची देखभाल शिकवावी लागत नव्हती. महाल-इतवारीतलं कवेलूचं घर असो की खेड्यातलं, मे महिना आला की कवेलू फेरायचे. फुटलेले काढायचे, नवे बसवायचे, वाकलेला वासा बदलायचा, भिंतींना चुना मारायचा. कोणी त्याला संकट म्हणत नव्हतं. "पंधरा वर्षं झाले, घर काही पडलं नाही, मग यंदा कवेलू कशाला फेरायचे?" असं विचारणाऱ्याला पहिल्याच पावसात आपलं उत्तर डोक्यावर मिळालं असतं.

मग स्लॅब आला. स्लॅबबरोबर एक भ्रम आला, की आता सुटलो. 'पक्कं घर' या शब्दानंच घोळ केलाय. पक्कं म्हणजे कायमचं, असं आपण धरून चाललो. कवेलूचं घर बिघडलं की गळून सांगतं. काँक्रीटचं घर दहा-वीस वर्षं काहीच बोलत नाही. आणि बोलतं तेव्हा आपण पुट्टी मारून त्याचं तोंड बंद करतो.

आत काय चाललंय?

काँक्रीट ताकदवान असतं ते दाबाला. ताण घेते आतली सळई. सळई गंजत नाही, कारण भोवतीचं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर. त्या वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरत राहतो आणि तो पीएच उतरवत नेतो. नऊच्या आसपास आला की संरक्षक थर गेला. मग ओल मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा कुठून येणार? काँक्रीट फोडून! छताचा तुकडा पडून सळई उघडी पडलेली दिसते तेव्हा हे नाटक तिसऱ्या अंकात पोचलेलं असतं.

"हे मुंबईत होते भाऊ, समुद्राच्या हवेनं. आपल्याकडे कोरडी हवा." हे वाक्य मी किमान दहा जणांकडून ऐकलंय. खारी हवा नाही हे खरं. पण ही कार्बनची प्रक्रिया सगळ्यात जोरात चालते ती मध्यम आर्द्रतेत, साधारण पन्नास ते सत्तर टक्के. म्हणजे 'कोरडी हवा' हे काही कवच नाही.

शिवाय नागपूरची स्वतःची काही खास दुखणी आहेत.

पहिलं, कूलर. मार्च ते जून प्रत्येक खिडकीला एक. लोखंडी स्टँड सज्ज्यात ड्रिल मारून बसवलेला, त्यातून ठिबकणारं पाणी थेट सज्ज्यावर आणि भिंतीत. बहुतेक ठिकाणी ते पाणी बोअरचं, जड. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर जमतो ना, ते क्षार. तेच क्षार सज्ज्याच्या काँक्रीटमध्ये पण मुरतात. समुद्र नाही म्हणून आपण खूश, आणि खिडकी-खिडकीला एक छोटा समुद्र टांगून ठेवलाय. :)

दुसरं, ऊन. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. हे हवेचं तापमान, गच्चीच्या स्लॅबचं त्याहून कितीतरी जास्त. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण एक सहस्रांश ते सव्वा सहस्रांश सेंटिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण वीस मीटर लांबीचा स्लॅब हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापला, तर जवळजवळ एक सेंटिमीटर लांब होतो. खालच्या भिंती तेवढ्या वाढत नाहीत. मग गच्चीखालच्या भिंतीत आडवी भेग पडते, पावसाळ्यात तिच्यातून पाणी शिरतं, आणि वरची गोष्ट पुन्हा सुरू.

तिसरं, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. पाया त्या थराखाली घट्ट मुरमापर्यंत नेला असेल तर ठीक. नेला नसेल तर दरवर्षी इमारत थोडी वर, थोडी खाली.

आणि चौथं, आपल्या इमारतींचं वय. आयएस ४५६ ही काँक्रीट बांधकामाची मूळ संहिता. तिची १९७८ ची आवृत्ती आरसीसीला किमान एम-१५ दर्जाचं काँक्रीट चालवून घेत होती, मिस्त्रींच्या भाषेत १:२:४. २००० सालच्या आवृत्तीनं किमान दर्जा एम-२० वर नेला. म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकातली कितीतरी बांधकामं *नियमाप्रमाणे* केली असली तरी आजच्या नियमाला पुरी पडणार नाहीत. आणि सगळी नियमाप्रमाणे केली होती, असं छातीवर हात ठेवून सांगणारा बिल्डर मला दाखवा.

"आपल्याकडे काय भूकंप येऊन राहिला?"

हा दुसरा हुकमी एक्का. बीआयएसच्या २००२ आणि २०१६ च्या भूकंप नकाशांत नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. मान्य. आता जरा किल्लारी आठवा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लातूर-उस्मानाबादमधली गावंच्या गावं ढिगारा झाली. हजारो माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशावर कुठल्या झोनमध्ये होता? झोन एकमध्ये. म्हणजे त्या काळच्या नकाशातल्या सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात. २००२ मध्ये झोन एक हा प्रकारच रद्द झाला. जमिनीनं नकाशा वाचलेला नसतो.

बरं, भूकंप आपल्याच गावात व्हायला हवा असंही नाही. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छमधला. अहमदाबाद तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब. तरी तिथल्या कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच कशा होत्या? खाली मोकळं पार्किंग, फक्त कॉलम. वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. धक्का बसला की वरचं खोकं एकसंध राहतं आणि खालचे बारीक पाय मुरगळतात. आता तुमच्या स्कीमच्या गेटमधून आत जा आणि खाली काय आहे ते बघा. त्या भूकंपानंतर, २००२ च्या संहितेत अशा मोकळ्या मजल्याच्या कॉलमसाठी वाढीव ताकदीची कडक अट आली. तुमची स्कीम कोणत्या सालची?

आणि १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला भूकंप झाला होता. जबलपूर नागपूरहून किती लांब आहे ते ट्रेनच्या वेळापत्रकात बघून घ्या.

पण भूकंप सोडूनच देऊ. इमारती पडायला त्याची गरज नसते. २७ सप्टेंबर २०१३ ला मुंबईत माझगावची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली, ६१ माणसं गेली. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन पडली, १७ गेली. जमीन हलली नव्हती. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे ज्याला आपण कौतुकानं 'रिनोव्हेशन' म्हणतो ते.

आता जरा आपल्या इंटिरिअरकडे

इथे वाचकांपैकी काही जण रागावणार आहेत. रागवा.

आपल्या पिढीला जुना फ्लॅट मिळाला की पहिलं काम काय? भिंत पाडणे. हॉल-किचन एक करणे. बाल्कनी आत घेणे. बाथरूम सरकवणे. "ही भिंत लोड-बेअरिंग नाही ना?" असं आपण विचारतो कोणाला, तर ती पाडायचे पैसे घेणाऱ्याला!

जुन्या टाइल्स उकरायच्या म्हणजे धूळ, आवाज, शेजाऱ्यांची कटकट. म्हणून जुन्यांवरच नव्या बसवतात. हिशोब करू. मसाला आणि टाइल मिळून दोन इंच जाडी धरली तर चौरस मीटरला एकशेदहा किलोच्या आसपास वजन. बारा बाय बाराच्या खोलीत ते दीड टनाच्या घरात जातं. म्हणजे बेडरूममध्ये दोन मारुती अल्टो आणून ठेवल्यासारखं, आणि त्या कधीच बाहेर जाणार नाहीत. घराच्या स्लॅबवर माणसं, सामान वगैरेसाठी प्रमाण संहितेत धरलेला भार आहे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. त्यातले निम्म्याहून जास्त आपण इटालियन लुकमध्ये घालवले. वर गच्चीवर पाण्याची आणखी एक टाकी. लिटरला एक किलो; पाच हजार लिटर म्हणजे पाच टन.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पीओपीचं फॉल्स सीलिंग. छताला ओल दिसते? सळईचा तांबूस डाग दिसतो? खाली सीलिंग घ्या, त्यात छान पिवळे लाइट घाला, दिसायचं बंद! आपल्या धंद्यात याला काय म्हणतात माहितीये ना? एरर आली तर ती गिळून टाकणारा कोड. कोड रिव्ह्यूमध्ये ज्युनिअरनं असं केलं तर आपण त्याला सोलून काढतो. घरी आपण त्याच कामाचे चार लाख मोजतो आणि फोटो टाकतो.

रिडेव्हलपमेंट नावाचं गाजर

आता काका लोकांचा विषय. "कशाला दुरुस्तीत पैसे घालता? दोन-तीन वर्षात बिल्डर लोकं येऊन राहिले. फुकटात नवीन फ्लॅट."

फुकटात कोणी काही देत नाही. जुनी इमारत पाडून बिल्डर जास्तीचं बांधकाम करतो, ते विकतो, त्यातून तुमचा फ्लॅट आणि त्याचा नफा निघतो. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये पुनर्विकासाला वाढीव एफएसआय आहे हे खरं. पण एफएसआय म्हणजे विकलेले फ्लॅट नव्हे. धरमपेठ-रामदासपेठेत, रुंद रस्त्यावरच्या प्लॉटवर हे गणित जमेल. अरुंद गल्लीतल्या, भाव बेताचा असलेल्या वस्तीतल्या बारा फ्लॅटच्या स्कीमसाठी ते जमेलच कशावरून? जमलं नाही तर? तोपर्यंत 'बिल्डर येणार' म्हणून दहा वर्षं एक रुपया खर्च केलेला नसतो, आणि इमारत खरोखर पाडण्याच्या लायकीची झालेली असते. लग्न ठरणार, ठरणार म्हणून म्हाताऱ्या आजीचं औषध बंद केल्यासारखं आहे हे.

आणि नवीन म्हणजे मजबूत? २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली, १६ जणांचा जीव गेला. दहा वर्षांची पण नव्हती ती इमारत.

काही इमारती पाडायलाच लागतात, हे मला मान्य आहे. पण महाराष्ट्रात धोकादायक इमारतींची जी वर्गवारी वापरतात ती बघा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चारपैकी तीन गट दुरुस्तीचे आहेत! आपण मात्र 'काहीच नाही झालं' आणि 'पाडून टाका' एवढेच दोन गट ठेवलेत. मधलं सगळं गायब.

गंमत म्हणजे हा रोग जुना आहे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं मोठा कार्यक्रम राबवला. काही गावं नव्यानं वसवली, पण दीड लाखाहून जास्त घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची मदत होती. तंत्र स्वस्त आणि साधं होतं. दगडमातीच्या जाड भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, ते भूकंपात सुटे होतात. म्हणून भिंतीला आरपार भोकं पाडून, सळई घालून, काँक्रीटनं पदर एकमेकांना बांधायचे. माळवदावरचा मातीचा थर कमी करून वजन उतरवायचं. छताजवळ पट्टा द्यायचा. राजेंद्र आणि रूपल देसाईंसारख्या अभियंत्यांनी गावात राहून हे करून दाखवलं. तरी बहुतेकांनी काय केलं? जुनं घर तसंच ठेवून मिळालेल्या पैशात शेजारी एक नवी खोली बांधली. नवी खोली दिसते. भिंतीतली सळई दिसत नाही.

त्यांना एक वेळ माफ करता येईल. जुन्या दगडी घरांची दहशतच बसली होती त्यांच्या मनात. आपलं काय?

वाय-टू-के विसरलात?

आपल्या पिढीनं हे बोलावं याचंच मला आश्चर्य वाटतं. भारतातलं आयटी मोठं झालं कशावर? १९९८-९९ मध्ये जगभरच्या बँकांच्या जुनाट कोबोल प्रोग्रॅममधले दोन अंकी तारखांचे आकडे दुरुस्त करण्यावर! कोणी म्हटलं नाही की सगळी बँकच पाडून नवी बांधा. चालू सिस्टिम बंद न करता, एकेक मॉड्यूल तपासून, टेकू लावून, दुरुस्त करून, टेस्ट करून पुढे गेले. आजही आपल्यातले निम्मे लोक दुसऱ्यांचा वीस वर्षं जुना कोड सांभाळून पगार घेतात.

इमारतीचं मजबुतीकरण हे तेच काम आहे. आधी तपासणी: हातोड्यासारख्या यंत्रानं पृष्ठभागाचा कडकपणा, ध्वनिलहरींनी आतली पोकळी, काँक्रीटचा नमुना काढून ताकद. काँक्रीटचा पीएच बघायला तर बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं फिनॉल्फ्थॅलीन फवारतात: गुलाबी झालं तर ठीक, रंगच आला नाही तर कार्बन आत पोचलाय. मग उपचार. सुटं काँक्रीट काढणे, सळईचा गंज साफ करणे, खाल्लेल्या जागी नवी सळई जोडणे, पॉलिमरचा मसाला किंवा मायक्रो-काँक्रीट भरणे. कॉलम अशक्त असेल तर भोवती सळयांचा पिंजरा बांधून काँक्रीटचं जॅकेट घालणे, किंवा लोखंडी अँगल-पट्ट्यांनी आवळणे, किंवा फायबरची पट्टी गुंडाळणे. जुन्या आरसीसी इमारतींच्या भूकंप-मजबुतीकरणासाठी २०१३ पासून स्वतंत्र भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस १५९८८. आपल्याच शहरात व्हीएनआयटी आहे. हे ज्ञान काही मंगळावरून आणायचं नाहीये.

पैसे, पैसे, पैसे

"पण खर्च कोण करणार?" अखेर गाडी इथेच येते.

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याची सोय आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी, आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, आणि दुरुस्ती निधीसाठी किमान पाऊण टक्का. मिळून एक टक्का. शिवाय महानगरपालिका कायद्यानं ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र देणं ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. १९९५ किंवा त्याआधी ताबा मिळालेल्या स्कीमवाल्यांनो, तुमचं प्रमाणपत्र कुठे आहे?

आता गणित. हजार चौरस फुटांचा फ्लॅट, बांधकाम खर्च समजा फुटाला दोन हजार. झाले वीस लाख. त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला वीस हजार, महिन्याला पावणेदोन हजारांच्या आत. वीस फ्लॅटच्या स्कीममध्ये वर्षाला चार लाख, दहा वर्षांत व्याज न धरता चाळीस लाख. पावणेदोन हजार म्हणजे घरचं इंटरनेट, दोन ओटीटी आणि महिन्यातून एकदा बाहेरचं जेवण. आणि आपल्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स दोनशेनं वाढवायचा म्हटलं तर महाभारत होतं.

नागपुरात आणखी एक पाचर आहे. इथल्या बऱ्याच स्कीम सोसायटी नाहीत, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या आहेत. तिथे डिक्लरेशनबरोबरच्या उपविधींत जे लिहिलं ते. किती जणांनी ते वाचलंय? कित्येक ठिकाणी तर तो कागद कोणाच्या कपाटात आहे हेच माहीत नसतं. निधी नाही, नकाशे नाहीत, आणि सेक्रेटरी म्हणजे जो मीटिंगला गैरहजर होता तो.

सरकारही काही धुतल्या तांदळाचं नाही. बांधकाम चालू असलेल्या नव्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के, स्वस्त घर असेल तर १ टक्का. (बिल्डरला इनपुट क्रेडिट मिळत नाही, हे मान्य.) आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम नोंदणीकृत कंत्राटदाराला दिलं तर १८ टक्के. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या खरेदी किंवा बांधणीच्या कर्जावरच्या व्याजाला २ लाखांपर्यंत वजावट, दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाला ३० हजार. संदेश स्पष्ट आहे: नवं घ्या, जुनं मरू द्या. धोकादायक इमारतींच्या याद्या दर पावसाळ्यात निघतात. त्या इमारती मजबूत करणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत द्यायला काय हरकत आहे?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन आपल्या तळमजल्यांत, पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा १८७० साली बांधलेल्या तलावाचा बांध मजबूत करा म्हणून सगळं शहर बोललं. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. योग्यच झालं. बांध पाडून दुसरीकडे नवा तलाव खणा असं कोणी म्हटलं नाही. मजबूत करा म्हणालो. मग त्याच पाण्यात रात्रभर उभ्या असलेल्या आपल्या कॉलमसाठी तोच शब्द का सुचत नाही?

तर मग करायचं काय?

१. पुढच्या मीटिंगमध्ये एकच ठराव: स्ट्रक्चरल ऑडिट. इंजिनिअर असा घ्या की ज्याला पुढच्या दुरुस्तीच्या कंत्राटात रस नाही. तपासणारा आणि काम करणारा एकच असला तर काय होतं, हे टेस्टिंगवाल्यांना मी सांगायला नको.

२. मंजूर नकाशे शोधा. महानगरपालिका किंवा सुधार प्रन्यास, ज्यांनी मंजुरी दिली त्यांच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

३. लेखी स्ट्रक्चरल सल्ल्याशिवाय कोणाच्याही घरात भिंत, बीम, बाथरूमला हात लावायचा नाही. आणि हा नियम पहिला आपल्यालाच लावायचा.

४. फुकटातली कामं आजच. कूलरचं गळणारं पाणी पाइप लावून थेट खाली सोडा. गच्चीवरचं पाणी साचू देऊ नका. भिंतीत उगवलेला पिंपळ 'शुभ' म्हणून वाढवू नका.

५. जुना फ्लॅट विकत घेताना ऑडिट रिपोर्ट मागा. बँकेचा माणूस येतो तो मुख्यतः किंमत ठरवायला, त्याच्या भरवशावर राहू नका. खरेदीदारांनी मागायला सुरुवात केली की विकणारे आपोआप करायला लागतील. आपल्या वयाच्या गिऱ्हाइकांकडे ही ताकद आहे, मॉड्युलर किचनच्या ब्रोशरमध्ये ती वाया घालवू नका.

भांडणं होतील. कॉलमला चार-चार इंचांचं जॅकेट घातलं की नऊ इंची कॉलम सतरा इंची होतो, आणि कोणाची तरी गाडी बसेनाशी होते. मग तो म्हणणार, "माझ्याच पार्किंगमधला कॉलम काहून?" तळमजलेवाला म्हणणार, गच्ची गळते त्याचे पैसे मी का देऊ? आणि पेन्शनवर जगणाऱ्या काकूंना एकरकमी दीड लाख खरंच झेपणार नाहीत. यातला फक्त शेवटचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावर उत्तर हप्ते हे आहे, टाळाटाळ नाही. ज्यांना बोनस मिळतो त्यांनी आधी भरावं, ज्यांना झेपत नाही त्यांनी सावकाश. वीस घरांना एवढं जमत नसेल तर एकाच छपराखाली राहून उपयोग काय?

असो. बराच लांबला लेख. पुढच्या आठवड्यात पुन्हा कॉम्प्युटरवर लिहीन म्हणतो.

तोवर एवढंच करा. आज रविवार आहे, गाडी काढायला खाली जालच. किल्ली फिरवायच्या आधी दोन मिनिटं पार्किंगमधल्या कॉलमपाशी थांबा. उभी भेग दिसते का? तांबूस डाग? तळाशी प्लास्टर सुटलंय? दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा आणि स्कीमच्या ग्रुपवर टाका, त्या 'सुप्रभात'च्या गुलाबांच्या मध्ये. बघू किती जण उत्तर देतात.